एकेक किलोचा हिशेब
वजन उचलणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी काही कामाच्या गोष्टी

आपल्या वस्त्यांमधून व्यायामाची आवड वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत, नाहीतर चाळीच्या गच्चीवर, लोखंडी चकत्यांचा खणखणाट ऐकू येतो. समता सैनिक दलाच्या कवायती ज्यांनी पाहिल्या, त्या आपल्या आजोबांना हा आवाज नक्कीच आवडला असता. शरीर बळकट असावे, चालणे ताठ असावे, ही शिकवण आपल्या चळवळीत पहिल्यापासून आहे.

परंतु या खोल्यांमधून उत्साह भरपूर असतो आणि शिकवणारा मात्र बहुधा नसतो. एकाने शंभर किलो उचलले की दुसऱ्याला एकशे दहा उचलायचे असतात. रीत कोणी विचारीत नाही, आकडा विचारतात. म्हणून आज या पानावर वजन उचलणाऱ्या तरुण बंधू-भगिनींसाठी आणि त्यांच्या मातापित्यांसाठी चार गोष्टी सविस्तर सांगावयाच्या आहेत.

आमच्या पाहण्यातील एक तरुण गोदामात माल चढवण्याचे काम करीत होता. अंगाने धट्टाकट्टा होता. सरावात त्याने नव्वद किलोपर्यंत वजन उचललेले होते. जयंतीच्या कार्यक्रमात मित्रांनी पैज लावली आणि याने एकदम एकशे वीस किलो लावले. वजन गुडघ्यापर्यंत आले, पाठ वाकली, कंबरेत चमक भरली आणि डाव्या पायाला मुंग्या आल्या. चार महिने त्याला कामावर जाता आले नाही. रोजंदारीला पगारी रजा कुठली? त्या चार महिन्यांत त्याच्या बायकोने धुण्याभांड्यांची आणखी दोन घरे धरली तेव्हा चूल पेटत राहिली.

श्रीमंताच्या मुलाची कंबर दुखली तर त्याचा व्यायाम बंद होतो. आपल्या मुलाची कंबर दुखली तर घर बंद पडते. आपल्याकडे शेत नाही, दुकान नाही. कंबर, खांदा आणि गुडघा हेच आपले भांडवल आहे. व्यायामाने या भांडवलात भर पडावी, खोट येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आपणच आपले मुकादम

वजन उचलणे आपल्याला नवे नाही. गोदी, रेल्वेचा मालधक्का, धान्यबाजार, इमारतीचे बांधकाम, सगळीकडे आपल्या वाडवडिलांनी ओझी वाहिली. पण ते ओझे दुसऱ्याचे होते आणि किती उचलायचे, किती वेळ उचलायचे, हे मुकादम ठरवीत असे. कष्टकऱ्यांच्या लढ्यामुळे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे हमालाच्या पाठीमागे कायद्याचा आधार आला.

व्यायामशाळेतले वजन मात्र आपण स्वतः ठरवतो. आज किती, उद्या किती, कधी थांबायचे, हे सारे आपल्या हाती असते. मग तिथे आपणच आपल्या पाठीचे जुलमी मुकादम का व्हावे?

खेळ कोणता ते आधी ठरवा

लोखंडाचे खेळ तीन आहेत आणि पुष्कळ मुले तिन्हींची खिचडी करतात. शरीरसौष्ठवात स्नायूंचा आकार दाखवायचा असतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात. वेटलिफ्टिंग म्हणजे भारोत्तोलनात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोनच प्रकार. स्नॅचमध्ये जमिनीवरची दांडी एका दमात थेट डोक्यावर न्यायची. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायची आणि मग डोक्यावर. हाच ऑलिंपिकमधला खेळ. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. परंतु पाठ, पाय आणि जेवण यांविषयीचे नियम तिन्ही खेळांना सारखेच लागू आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब, हृदय आणि हर्निया यांची तपासणी करून घ्यावी. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते असे घरोघरी म्हणतात. जाणत्याच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि योग्य रीतीने सराव केला तर उंची खुंटत नाही. देखरेखीशिवाय जड वजनाशी झटापट केली की मात्र मुले जायबंदी होतात.

सुरुवात काठीपासून

पुरुषांची दांडी वीस किलोची आणि स्त्रियांची पंधरा किलोची असते. नवशिक्याने पहिले काही आठवडे तीही उचलू नये. एक सरळ काठी किंवा प्लॅस्टिकच्या नळाचा पाच फुटी तुकडा घ्यावा आणि सगळ्या हालचाली त्यावर शिकाव्यात. मित्र हसतील, त्यांना हसू द्यावे. काठीवर जी रीत बसत नाही ती लोखंडावर कधीच बसत नाही.

पायात मऊ स्पंजाचे धावण्याचे बूट नकोत. त्यात टाच हलते आणि तोल जातो. चपला घालून किंवा अनवाणीही वजन उचलू नये. सपाट आणि कडक तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट सुरुवातीला पुरतात. कंबरेचा पट्टा पहिल्या वर्षी लागत नाही. पोट आणि पाठ यांच्या स्नायूंनीच आधी पट्ट्याचे काम शिकले पाहिजे. दांडीच्या दोन्ही टोकांना चकत्या अडकवणारी कड्या-कुलुपे मात्र प्रत्येक वेळी लावावीत. एका बाजूची चकती निसटली की दांडी तराजूसारखी कलंडते आणि शेजारी उभा असलेला जखमी होतो.

आणखी एक गोष्ट. स्पर्धेतील मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे दांडी जमिनीपासून साधारण साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर राहते. आपल्याकडच्या लहान चकत्यांमुळे ती फार खाली येते आणि तिला धरताना पाठ गोल होते. तेव्हा चकत्यांखाली मजबूत लाकडी फळ्या ठेवून दांडी नडगीच्या मध्यापर्यंत उंच करून घ्यावी.

उचलण्याची रीत

जुन्या हमालाला विचारा, तो सांगेल की ओझे अंगाला जेवढे चिकटून तेवढे हलके. भारोत्तोलनाचे मूळ तेच आहे. दांडी पावलाच्या मध्यावर यावी. छाती वर, पाठ फळीसारखी सपाट, हात दोरीसारखे सरळ. पोटात श्वास भरून पोट घट्ट करावे आणि दांडी ओढण्याऐवजी पायांनी जमीन खाली ढकलावी. दांडी नडगी आणि मांडी यांच्या अगदी जवळून वर यावी. पाय व कंबर पूर्ण ताठ होईपर्यंत कोपर वाकवू नये. बहुतेक मुले इथेच चुकतात. पायांचे काम संपण्याआधीच ती हातांनी ओढू लागतात.

स्क्वॉट म्हणजे बैठक. इथे आपल्या माणसांना एक फायदा आहे. जे लहानपणापासून उकिडवे बसत आले, ज्यांची टाच बसताना जमिनीवर टेकलेली राहते, त्यांचे निम्मे काम झालेले असते. खुर्चीवर वाढलेल्यांना हेच शिकायला महिने लागतात. खांद्यावर दांडी घेऊन बसताना टाचा उचलू नयेत, गुडघे आत पडू देऊ नयेत, ते पावलांच्या दिशेनेच राहावेत.

आणि उचलण्याआधी टाकायला शिका! वजन जाते आहे असे वाटले तर त्याच्याशी झगडू नये. दांडी पुढे पडत असेल तर हात सोडून मागे सरावे. डोक्यामागे जात असेल तर हात सोडून पुढे उडी घ्यावी. हे रिकाम्या दांडीवर वीस वेळा करून पाहावे. ज्याला टाकता येते तो घाबरत नाही, आणि जो घाबरत नाही त्याची रीत बिघडत नाही. बेंच प्रेस करताना मात्र डोक्याशी एक सोबती उभा असल्याशिवाय दांडी हातात घेऊच नये.

वहीतला हिशेब

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून कदाचित हा मुद्दा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकाने एक शंभर पानी वही करावी. तारीख, प्रकार, किलो, किती वेळा, कसे वाटले, एवढे रोज लिहावे. वही खोटे बोलत नाही. मित्र म्हणतात म्हणून नव्हे, तर वही म्हणते म्हणून वजन वाढवावे.

नोकरी किंवा शिक्षण सांभाळणाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस पुरतात. सोमवारी स्नॅच आणि बैठका. बुधवारी क्लीन अँड जर्क आणि दांडी छातीवर घेऊन पुढच्या बैठका. शुक्रवारी दोन्ही प्रकार हलक्या वजनाने आणि पुन्हा बैठका. आधी दहा मिनिटे दोरीवरच्या उड्या, काठीने खांदे मोकळे करणे, मग रिकामी दांडी, आणि त्यानंतरच वजन. स्नॅच व क्लीन अँड जर्क एका वेळी दोनतीनदाच करावे, असे पाच फेरे घ्यावेत. बैठका पाचपाचच्या तीन फेऱ्यांत. दोन फेऱ्यांमध्ये दोनतीन मिनिटे विश्रांती घ्यावी. घाईने दम लागतो, ताकद वाढत नाही.

आता हिशेब पाहा. समजा एखाद्याने तीस किलोच्या बैठकांनी सुरुवात केली. पाचाच्या तीन फेऱ्या म्हणजे पंधरा बैठका, एकूण ४५० किलो. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, तीन आठवडे वाढ आणि चौथा आठवडा हलका. बारा आठवड्यांत नऊ वेळा वाढ झाली, म्हणजे साडेबावीस किलो. तीसचे साडेबावन्न झाले. त्याच पंधरा बैठकांत आता ७८७ किलोंहून अधिक वजन उचलले गेले. कुठेही पैज नाही, आरडाओरडा नाही. ही वाढ नेहमी अशीच चालत नाही. पुढे ती मंदावते. तेव्हा एकेक किलोने पुढे जावे. लहान चकत्या मिळत नसतील तर भंगार बाजारातून मोठे लोखंडी वॉशर आणावेत, तराजूवर तोलावेत आणि दोन्ही बाजूंना सारखे लावावेत.

एकाच वजनावर रीत दोनदा बिघडली तर त्या दिवशी वजन कमी करावे. आपले सर्वांत मोठे वजन रोज आजमावू नये. दोनतीन महिन्यांतून एकदा आजमावले तरी पुष्कळ झाले.

एक किलोने काय होते, असे कोणी म्हणेल. सांगलीच्या संकेत सरगरला विचारा. पानाची टपरी चालवणाऱ्याचा हा मुलगा २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. त्याची बेरीज २४८ किलो झाली आणि सुवर्णपदक २४९ किलोला गेले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली होती. मीराबाई चानूचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्यपदकही एकाच किलोने हुकले. तिचे १९९ किलो झाले होते. ज्या खेळात जगाच्या पातळीवर एका किलोवर पदक ठरते, त्या खेळात आपण वस्तीतल्या पैजेसाठी तीस किलोची उडी मारावी काय?

वीणेची तार

सोण नावाचा भिक्खू होता. श्रीमंत घरातला, सुकुमार, पण साधनेत इतका कठोर की चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले. तरीही मन स्थिर होईना. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. भगवान बुद्धांनी त्याला विचारले की तार फार ताणली तर सूर निघतो का, आणि फार सैल सोडली तर निघतो का? सोणाला उत्तर उमगले. मध्यम मार्ग हा केवळ विहारात सांगण्याचा विषय नाही, तो व्यायामशाळेतही लागतो.

ताकद वजन उचलताना वाढत नाही, उचलून झाल्यावर विश्रांतीत वाढते. म्हणून सातआठ तास झोप हवी. रात्रपाळी करून आलेल्याने थेट दांडीला हात घालू नये. आधी झोपावे, खावे, मग हलका सराव करावा. ज्याचे कामच दिवसभर गोण्या वाहण्याचे आहे, त्याने आठवड्यातून दोनच दिवस यावे आणि तेही रीत पक्की करण्यासाठी. त्याचे अर्धे वजन मालकाकडे उचलून झालेले असते, हे त्याने विसरू नये.

ताटातला हिशेब

भगवंतांनी उपाशी राहून शरीर झिजवण्याचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला आणि सुजाताची खीर स्वीकारली, हे आपण जाणतोच. शरीराला अन्न हवे. पण त्यासाठी हजारो रुपयांचा डबा हवा असे नाही.

वजन उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण दीड ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने पुरतात. साठ किलोच्या तरुणाला शंभर ग्रॅमच्या आसपास. आता आपल्या स्वयंपाकघरातच मोजू. तीन अंडी, १८ ग्रॅम. मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे, १२ ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, २६ ग्रॅम. पाऊण वाटीच्या आसपास, पंचाहत्तर ग्रॅम डाळ, १६ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या किंवा चपात्या, २० ग्रॅम. बेरीज १०८ ग्रॅम झाली. दूध परवडत नसेल तर भिजवलेले हरभरे वाढवावेत. सुकट, बोंबील, कलेजी हे आपल्या घरांत पूर्वीपासून शिजत आलेले जिन्नसही उत्तम आहेत. कोणी नाक मुरडले म्हणून आपण लाजण्याचे कारण नाही.

भात-भाकरी कमी करून नुसती अंडी खाणे हेही चूक आहे. कष्टाच्या कामाला भाकरीचीच शक्ती लागते. आणि एक विनंती आईवडिलांना आहे. मुलगा व्यायाम करतो म्हणून अंडी त्याच्या ताटात आणि मुलीच्या ताटात नुसते कालवण, असे होऊ देऊ नका. वाढीच्या वयात दोघांनाही सारखेच लागते.

डबा आणि सुई

आता ज्या गोष्टीची आम्हांला सर्वांत अधिक काळजी वाटते तिच्याविषयी. व्यायामशाळेतच कोणीतरी सांगतो की एवढी पावडर घे, एवढी सुई घे, दोन महिन्यांत अंग भरेल. पावडर म्हणजे बहुधा दुधातली प्रथिने, जी वरच्या ताटात आहेतच. त्यात भेसळही असते. सुया मात्र सरळसरळ घातक आहेत. पुरुषी संप्रेरकांच्या म्हणजे स्टेरॉइडच्या सुयांनी वृषण आक्रसतात, वीर्यातील बीज कमी होते, पुरुषाची छाती वाढते, यकृत आणि हृदय बिघडते, स्वभाव चिडका होतो. मुलींचा आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो. मेफेन्टरमाइन नावाचे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात. तेही काही मुले 'दम टिकतो' म्हणून टोचून घेतात. त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, सवय जडते आणि जीव जाऊ शकतो.

स्पर्धेचा विचार करणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. 'मला ठाऊक नव्हते', 'पावडरीत होते', असे म्हणून सुटका होत नाही. स्टेरॉइड सापडल्यास चार वर्षांपर्यंत बंदी येते. आपल्या देशात याविषयी २०२२ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे.

आम्ही मुलांना एवढेच सांगतो की रोज पंचशील म्हणता, त्याचा अर्थ दांडीपाशीही लावा. न दिलेले घेऊ नये, हे एक शील आहे. औषधाच्या जोरावर मिळवलेले पदक दुसऱ्याचे असते, ते आपण घेतलेले असते. आणि नशेपासून दूर राहणे हे पाचवे शील तर उघडच आहे.

मुलींनी मागे राहू नये

सिडनी ऑलिंपिकमध्ये २००० साली स्त्रियांचे भारोत्तोलन प्रथमच खेळले गेले आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलोंच्या बेरजेवर कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मणिपूरच्या मीराबाईने लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहिल्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तिचे तिन्ही प्रयत्न फसले, बेरीजच लागली नाही. ती खचली नाही. पुढल्याच वर्षी ती जगज्जेती झाली, आणि २०२१ साली टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून तिने रौप्यपदक आणले.

वजनाने मुलींचे गर्भाशय सरकते, मूल होत नाही, असे सांगणाऱ्या शेजारणी अजून भेटतात. निरोगी मुलीच्या बाबतीत यात तथ्य नाही. उलट हाडे मजबूत होतात. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढा सराव करावा, नको वाटले तर करू नये. मात्र पाळी तीन महिने आलीच नाही तर बहुधा खाणे कमी पडते आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे जावे.

आमच्या वस्तीतील एका सफाई कामगार भगिनीच्या मुलीने पहिले दोन महिने नुसती काठी फिरवली. पोरे तिला 'लेझीमवाली' म्हणत. दीड वर्षाने ती जिल्हा स्पर्धेत उतरली. तिचे सहाच्या सहा प्रयत्न वैध ठरले. चौथी आली, पदक नाही मिळाले. परंतु त्या दिवशी सहाही प्रयत्न साधणाऱ्या तिथे फार थोड्या होत्या, आणि तिची चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघे आता तिच्याकडूनच बैठका शिकतात.

दुखले तर

स्नायू ठणकणे आणि सांधा दुखणे यांत फरक आहे. व्यायामानंतर दोनतीन दिवस मांड्या ठणकतात, ते नैसर्गिक आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, सूज आली, तर त्या दिवशी दांडी खाली. कंबरेची कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, पाय बधिर झाला तर हाडवैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे न जाता थेट रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यासोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला तर एक तासही थांबू नये. वेदनाशामक गोळी घेऊन वजन उचलणे म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळून ठेवणे होय.

स्पर्धेला जाताना

प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही फसले तर बेरीज लागत नाही. म्हणून पहिला प्रयत्न असा लावावा की जो सरावात कधीही तीनदा सहज होतो. स्पर्धेच्या दोन तास आधी वजन घेणे सुरू होते. गट मिळावा म्हणून आदल्या दिवशी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवण्याचा प्रकार नवशिक्याने करू नये. आहे त्या गटात खेळावे. वजनगट वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळते. तेवढ्यात घाई नको आणि रेंगाळणेही नको.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु कोणत्याही मंडळाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याला चालत नाही. कोणती स्पर्धा, कोणती पातळी आणि कितवा क्रमांक ग्राह्य धरतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारावे. मूळ प्रमाणपत्रे एका फायलीत जपावीत. पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारे भेटले तर त्यांना दारातूनच परत पाठवावे. पडताळणीत ते उघडे पडते आणि नोकरीबरोबर अब्रूही जाते. आणि शिक्षण सोडून कोणी या मागे लागू नये. सकाळी पुस्तक, संध्याकाळी दांडी.

विहार समित्यांना विनंती

जयंतीला आपण वर्गणी काढतो आणि त्यातील मोठा भाग दोन रात्रींच्या डीजेवर जातो. एका वर्षी त्यातून एक चांगली दांडी, रबरी चकत्या, बैठकांसाठी सुरक्षा आडव्या पट्ट्या असलेला स्टँड आणि जमिनीवर अंथरायला जाड प्लायवूड व रबर एवढे घ्यावे. ते वीस वर्षे टिकेल. आठवड्यातून एक दिवस जाणता प्रशिक्षक बोलवावा, त्याला मानधन द्यावे. मुलींसाठी ठरावीक वेळ राखावी आणि त्या वेळी एखादी जबाबदार भगिनी हजर असावी. भिंतीवर तीन ओळी रंगवाव्यात. एकट्याने जड वजन उचलू नये. पैज लावू नये. सुई घेणाऱ्यास येथे प्रवेश नाही.

मातापित्यांनीही महिन्यातून एकदा तरी मुलामुलीची ती वही उघडून पाहावी. वाचता येत नसेल तर त्यांच्याकडून वाचून घ्यावी. मागच्या महिन्यात किती, या महिन्यात किती, एवढे विचारावे. आकडे हळूहळू वर चढत असतील तर पाठीवर हात ठेवावा. एकदम उडी दिसली तर कारण विचारावे. आपल्या पिढ्यांनी दुसऱ्यांचे ओझे वाहिले. आपली मुले आता स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या नावावर वजन उचलीत आहेत. ते त्यांनी म्हातारपणापर्यंत ताठ कंबरेने उचलावे, हीच सदिच्छा. जयभीम!